ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरसाठी बजेटमधला लिक्विड कूलर: मे महिन्याचा हिशेब धरून कसा निवडावा

परदेशी चाचण्यांतले कूलरचे आकडे बहुतेक वेळा २०-२२ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. आमच्या नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारी घरातल्या आतल्या खोलीतही ३६-३८ अंश सहज भरतात. मधला पंधरा-सोळा अंशांचा फरक जसाच्या तसा प्रोसेसरच्या अंगावर येतो.

पहिला लिक्विड कूलर (द्रव फिरवून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारं यंत्र) घेताना मी हा हिशेब केला नव्हता. १२० मिमीच्या रेडिएटरचा (उष्णता हवेत सोडणारी जाळी), दिव्यांचा, दिसायला देखणा असा एक घेतला आणि एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसरवर बसवला. जानेवारीत सगळं छान चाललं. एप्रिलच्या शेवटी एक व्हिडिओ रेंडरला लावला आणि सात मिनिटांत तापमान ९० ला टेकलं. ९० ही त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथून पुढे तो स्वतःच वेग कमी करू लागला. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, मिळवलेलं तर गेलंच, पण मूळ सेटिंगवर जेवढ्या वेळात काम व्हायचं त्याहूनही जास्त वेळ लागला. शेवटी दुसरा कूलर घ्यावा लागला, म्हणजे एकाच कामाला दोनदा पैसे गेले. तुमचे एकदाच जावेत म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांची पूर्ण मॉडेल नावं (कॅबिनेटचं नाव जुन्या बिलावर सापडतं)
- मोजपट्टी किंवा टेप
- खोलीत टांगायचं साधं थर्मामीटर
- एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॅट दाखवणारं) आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं) ही दोन मोफत सॉफ्टवेअर
- चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब

१. तुमचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का, ते आधी पाहा

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' किंवा 'केएफ' असलेला प्रोसेसर हवा आणि बोर्ड झेड मालिकेचा हवा. बी७६० बोर्डवर १३६००के लावला तर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवता येत नाही. एएमडीमध्ये बी आणि एक्स मालिकेच्या बहुतेक बोर्डांवर मुभा आहे, पण ए३२०, ए५२०, ए६२० वर नाही. ५८००एक्स३डीसारखा प्रोसेसर कंपनीनेच कुलूपबंद करून दिलेला आहे. यातलं काही तुमच्या बाबतीत असेल तर मोठ्या कूलरचा विचार इथेच थांबवा आणि ते पैसे रॅम किंवा एसएसडीवर घाला.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वरचे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी आधी बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे बिघडत होते. त्यावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेट न करता व्होल्टेजशी खेळू नका. झालेलं नुकसान कितीही भारी कूलर लावला तरी भरून निघत नाही.

२. वॅट मोजा, खोक्यावरच्या टीडीपीवर विसंबू नका

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्रोसेसरच्या खोक्यावर टीडीपी (कंपनीने सांगितलेली उष्णता) १०५ वॅट लिहिलेला असतो, कूलरच्या जाहिरातीत २०० वॅट लिहिलेलं असतं, आणि आपण समजतो की दुप्पट क्षमता मिळाली. प्रत्यक्षात १०५ वॅटचा रायझन मूळ सेटिंगवरच १४२ वॅटपर्यंत जातो आणि १७० वॅटचा २३० पर्यंत. इंटेलच्या १३६००के वर १२५ लिहिलेलं आहे, पण टर्बोमध्ये (स्वतःहून वेग वाढवतो तेव्हा) तो १८१ पर्यंत जाऊ शकतो. १३७००के आणि १४७००के तर २५३ पर्यंत. ओव्हरक्लॉक त्याच्याही वर.

वर म्हणजे किती? प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.७ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवरून तुम्ही ५.० गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर गेलात, असं धरा. वेग वाढला ६ टक्के. व्होल्टेजचा वर्ग वाढला सुमारे २७ टक्के. दोन्ही मिळून उष्णता जवळजवळ ३५ टक्क्यांनी वाढली. सहा टक्के वेगासाठी पस्तीस टक्के उष्णता, आणि कूलरचं बजेट ठरतं ते या पस्तीसवर.

म्हणून आत्ताच्या कूलरवर दहा मिनिटं सिनेबेंच चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर' ही ओळ पाहा. मिळालेला आकडा लिहून ठेवा आणि शेजारी खोलीचं तापमान लिहा. चालू असताना प्रोसेसर कमाल तापमानाला टेकून वेग कमी करत असेल, तर खरी गरज त्या आकड्यापेक्षा जास्त आहे असं समजा.

३. लिक्विड खरंच लागतो का?

दुहेरी टॉवरचे, दोन पंख्यांचे एअर कूलर आज तीन-चार हजारांत मिळतात. थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईसारखा एअर कूलर १४०-१५० वॅट व्यवस्थित सांभाळतो आणि अनेक स्वस्त २४० मिमी लिक्विड कूलरच्या बरोबरीने चालतो. त्यात पंप नाही, पाणी नाही. पंखा गेला तर नवा पंखा लावायचा, की झालं. १२० मिमीच्या कुठल्याही लिक्विड कूलरपेक्षा मी डोळे झाकून असा टॉवर घेईन.

मग लिक्विड कधी घ्यावा? तुमचा आकडा १५० वॅटच्या वर जात असेल तर. किंवा कॅबिनेट अरुंद आहे आणि १५५ मिमी उंचीचा टॉवर बसत नाही, पण वर रेडिएटरला जागा आहे, तर. आणखी एक खरं कारण म्हणजे वाहतूक. संगणक घेऊन पुणे-नागपूर ये-जा करणाऱ्यांच्या बोर्डवर किलोभर वजनाचा टॉवर लटकलेला नसलेला बरा.

माझा ५८००एक्स १४२ वॅटचाच, म्हणजे या नियमाने काठावरचा. पण ती बहुतेक उष्णता एकाच छोट्या चिपमधून बाहेर येते आणि माझं काम तासन्‌तास चालणाऱ्या रेंडरचं, म्हणून मी २४० च्या लिक्विडवर गेलो.

४. रेडिएटरचा आकार: पैसे इथे घाला

लिक्विड कूलर प्रत्यक्षात काय करतो ते नीट समजून घ्या. प्रोसेसरवर तांब्याची थाळी असते, तिच्या आतल्या बारीक चिरांमधून द्रव जातो आणि उष्णता उचलतो. पंप तो द्रव नळ्यांतून रेडिएटरपर्यंत नेतो. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधून पंखे हवा ढकलतात आणि उष्णता शेवटी हवेतच जाते. म्हणजे हाही शेवटी हवेवरच चालतो, फक्त उष्णता सोडायची जागा लांब आणि मोठी मिळते. खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो कधीच करू शकत नाही. ३८ अंशांच्या खोलीत द्रव ३८ च्या वरच राहणार, भार आला की ५० च्या पुढे जाणार. द्रव ६० च्या वर जाणं पंपासाठी आणि नळ्यांसाठी चांगलं नाही. थंड देशातल्या माणसाला ही मर्यादा कधी दिसतही नाही, आपल्याकडे ती हाताच्या अंतरावर असते.

आता पृष्ठभागाचा हिशेब. १२० चा रेडिएटर १४४ चौरस सेंटिमीटर, २४० चा २८८, २८० चा ३९२, ३६० चा ४३२. २८० कडे लोक बघतच नाहीत, पण तो २४० पेक्षा ३६ टक्क्यांनी मोठा आहे, ३६० च्या जवळ जातो, आणि त्याचे १४० मिमीचे पंखे कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतात, त्यामुळे आवाजही कमी. तुमच्या कॅबिनेटमध्ये बसत असेल आणि किंमत पटत असेल तर २८० जरूर पाहा.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी मी असं मोजतो:

- १५० वॅटपर्यंत: २४०
- १५० ते २२०: २८० किंवा ३६०
- २२० च्या वर: ३६०, आणि तरीही व्होल्टेज खाली आणावंच लागेल

नाशिक, पुणे किंवा एसी खोलीत वापर असेल तर यात एक पायरी खाली उतरायला हरकत नाही. मुंबई-कोकणात पारा एवढा चढत नाही, तिथे २४० बऱ्याच जणांचं काम भागवतो.

५. कॅबिनेटमध्ये बसतो का ते टेपने मोजा

माहितीपत्रकात 'वर २४० सपोर्ट' लिहिलेलं असतं, पण रॅम उंच असली तर तो बसत नाही. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी जाडीचा आणि पंखा २५ मिमीचा. दोन्ही मिळून ५२ मिमी. कॅबिनेटच्या छतापासून बोर्डच्या वरच्या कडेपर्यंत आणि रॅमच्या टोकापर्यंत किती जागा आहे ते मोजा. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमी जाड आहे. कामगिरी उत्तम, सहा वर्षांची वॉरंटी, पण पंख्यांसकट ६३ मिमी जागा हवी. स्वस्त कॅबिनेटमध्ये ती वरच्या बाजूला बहुधा नसते.

समोर लावणार असाल तर ग्राफिक्स कार्डाची लांबी मोजा. रेडिएटर आणि पंखे मिळून समोरची पाच-सहा सेंटिमीटर जागा जाते. रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या टाक्या धरून २४० चा रेडिएटर प्रत्यक्षात २७५ मिमीच्या आसपास लांब असतो, हेही विसरू नका.

६. सॉकेट जुळवा

सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटभोवतीची कूलरची भोकं जुन्या एलजीए१२०० पेक्षा एकमेकांपासून जास्त अंतरावर आहेत, ७५ ऐवजी ७८ मिमी. २०२१ च्या आधीचा साठा दुकानात पडून असेल तर त्यात या भोकांना जुळणारा ब्रॅकेट (कूलर आवळायची पट्टी) नसण्याची शक्यता असते. खोक्यावर 'एलजीए१७००' स्पष्ट लिहिलेलं बघूनच घ्या. एलजीए१८५१ ला तोच ब्रॅकेट चालतो. एएमडीच्या एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर बसतात, पण एएम५ ची मागची पट्टी (बॅकप्लेट) काढता येत नाही. स्वतःची बॅकप्लेट लावावी लागणारा जुना कूलर तिथे चालणार नाही.

एलजीए१७०० वर प्रोसेसर दाबून धरणारी कडी त्याला मधोमध किंचित वाकवते, मग थाळी पूर्ण टेकत नाही. त्यासाठी 'कॉन्टॅक्ट फ्रेम' नावाची धातूची चौकट स्वस्तात मिळते. काही अंशांचा फरक पडतो. लावताना स्क्रू अति आवळू नका.

७. पंप, पंखे आणि दिवे

बजेट कूलरमध्ये कंपनी पैसे कुठे वाचवते? पंखे आणि पंपाच्या बेअरिंगमध्ये. पंख्याच्या माहितीत स्टॅटिक प्रेशरचा (अडथळ्यातून हवा ढकलण्याच्या जोराचा) आकडा पाहा. पाण्याच्या २ मिमीच्या आसपास किंवा जास्त असेल तर तो रेडिएटरमधून हवा ढकलू शकतो. नुसत्या हवेच्या आकारमानाचा मोठा आकडा कॅबिनेटच्या मोकळ्या पंख्याला ठीक, रेडिएटरला नाही.

दिव्यांवर आणि कूलरवरच्या छोट्या पडद्यावर जाणारे दीड-दोन हजार मी वॉरंटीवर घालायला सांगेन. दोन वर्षांची वॉरंटी असलेला दिव्यांचा कूलर आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला साधा काळा कूलर एकाच किमतीत असतील, तर काळा घ्या. नळ्यांमधून द्रव वर्षानुवर्षं थोडाथोडा उडतच असतो, पंप झिजत असतो. हे यंत्र जन्मभरासाठी नसतं, म्हणून वॉरंटीचं प्रत्येक वर्ष हे खरे पैसे आहेत.

जुना, वापरलेला लिक्विड कूलर घेऊ नका. टॉवर कूलर जुना घेतला तरी चालतो, कारण तो धातूचा ठोकळा. लिक्विडचं आतलं वय बाहेरून दिसत नाही.

८. खरेदी आणि कागदपत्रं

साध्या २४० साठी पाच ते आठ हजार धरा. दुकानदार दोन भाव सांगतो, बिलासकट आणि बिलाशिवाय. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून बिनबिलाचा माल घेतला, तर वॉरंटीच्या दारातच अडता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, गावातल्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन, हे जपून ठेवा:

- जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि शक्यतो सीरियल नंबर
- खोक्यावरच्या सीरियल नंबरच्या पट्टीचा फोटो
- खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, सील दिसेल असा
- मूळ खोकं आणि आतला पुठ्ठ्याचा साचा (सर्व्हिस सेंटरला पाठवताना तोच लागतो)
- वॉरंटीच्या अटींची प्रत

अटींमध्ये एक वाक्य मुद्दाम शोधा: गळती होऊन ग्राफिक्स कार्ड किंवा बोर्ड खराब झाला तर भरपाई आहे का? काही कंपन्या देतात, काही फक्त कूलर बदलून देतात. सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे आणि पाठवण्याचा खर्च कोणाचा, तेही विचारा. माझा कूलर पुढे पंपाचा आवाज करू लागला तेव्हा बिल होतं म्हणून तीन आठवड्यांत बदलून मिळाला. तोवर संगणक बंद राहू नये म्हणून जुना साधा कूलर कपाटात ठेवला होता, तो कामी आला. तुमचाही टाकून देऊ नका. दुकानदार हात वर करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

९. बसवताना

थाळीवरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद काढा. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण कागद तसाच ठेवून कूलर आवळणारे मी दोन जण पाहिले आहेत.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा. थाळीवर आधीच लावलेली पेस्ट चालते. ती पुसली गेली तर मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो. चारही स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा, म्हणजे एकाच बाजूला दाब येत नाही.

रेडिएटर कुठे लावायचा याचा नियम असा: आतली हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जमते, ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटर वर लावणं उत्तम. समोर लावला तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, आणि नळ्या पोचत असतील तर त्या खाली येतील असा लावा. कॅबिनेटच्या तळाशी लावू नका.

पंपाची पिन 'एआयओ पंप' किंवा 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या हेडरला (बोर्डवरच्या पिनांच्या जोडणीला) लावा आणि बायोसमध्ये तो हेडर पूर्ण वेगावर ठेवा. पंख्यांसाठी तापमानाप्रमाणे वेग ठीक, पंपासाठी नाही. 'सीपीयू फॅन' हेडर रिकामा राहिला तर बोर्ड सुरू होतानाच त्रुटी दाखवतो. दिव्यांची ५ व्होल्टची तीन पिनांची वायर १२ व्होल्टच्या चार पिनांच्या हेडरमध्ये दामटून घालू नका, दिवे क्षणात जळतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. टॉवर कूलरचा वारा बोर्डच्या व्हीआरएमवरही (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावरही) लागत असतो. लिक्विडमध्ये तो बंद होतो, आणि ओव्हरक्लॉकमध्ये व्हीआरएम जास्तच तापतं. मागच्या जाळीला एक पंखा जरूर ठेवा.

१०. अर्धा तास तापवून बघा

पहिल्यांदा सुरू करताना थोडा वेळ गुडगुड ऐकू येते. बुडबुडे रेडिएटरकडे सरकले की ती थांबते. दिवसभर चालू राहिली तर कूलर परत करा.

द्रव तापायला वेळ लागतो, त्यामुळे पाच मिनिटांची चाचणी फसवी असते. सिनेबेंच सलग ३० मिनिटं चालवा, तेही दुपारी. माझ्याकडे २४० वर, खोली ३६ अंश असताना, ५८००एक्स १४२ वॅटवर ८४ ला स्थिरावला. मग बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज खाली आणणारी सेटिंग) उणे १५ केला आणि वॅटची मर्यादा १२५ वर आणली. तापमान ७७ झालं, रेंडरचा वेळ जवळपास तोच. या दोन सेटिंगना एक पैसाही लागला नाही. नवीन कूलर घेण्याआधीच करून बघा. कदाचित एक आकार लहान घेऊन भागेल.

नुसता डेस्कटॉप उघडलेला असताना तापमान काही सेकंदांत ९० कडे धावत असेल, एक नळी गरम आणि रेडिएटर गार असेल, तर पंप चालत नाही. लगेच बंद करा आणि पिन तपासा.

११. खिडकीतला कूलर आणि संगणक

विदर्भात कूलर म्हणजे आधी खिडकीतला, ताट्यांचा (पाण्याने ओल्या राहणाऱ्या गवती पडद्यांचा). तो खोली चार-पाच अंशांनी उतरवतो आणि प्रोसेसरलाही तेवढाच आराम देतो, पण संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नका. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार खूप. त्या ओलसर हवेतली धूळ रेडिएटरच्या पत्र्यांत जाऊन बसते आणि पांढुरकी, चिकट पापडी धरते. माझ्या समोरच्या रेडिएटरवर एका मोसमात ती एवढी जमली की टॉर्च धरला तर पलीकडे उजेड दिसेना. ब्लोअरने निघाली नाही, मऊ ब्रशने हळूहळू काढावी लागली. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटे गरगर फिरून बेअरिंग खराब होतात.

आता संगणक झोताच्या आडव्या बाजूला, जमिनीपासून फूटभर उंच ठेवलाय आणि समोर जाळीचा फिल्टर लावलाय. फिल्टर दर पंधरवड्याला धुतो. होळी झाली की ताट्या बदलायचं काम निघतं, त्याच दिवशी कॅबिनेट उघडून रेडिएटर साफ करतो आणि अर्ध्या तासाची चाचणी पुन्हा लावतो.